कार्यशाळा की आधारगट: विद्यापीठात आल्यावर मनासाठीचा वेळ कुठे द्यावा?

प्रवेशाची धावपळ संपून हॉस्टेलची खोली ताब्यात आली की महिनाभरात विभागाच्या फलकावर दोन प्रकारच्या सूचना दिसायला लागतात. एक कार्यशाळेची: ताणतणाव व्यवस्थापन, तज्ज्ञ मार्गदर्शक, सभागृह, शेवटी प्रमाणपत्र. १० सप्टेंबरला आत्महत्या प्रतिबंध दिन आणि १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन असतो, त्यामुळे त्या सुमारास तर एकामागोमाग एक कार्यशाळा लागतात. दुसरी सूचना साध्या कागदावर, कोपऱ्यात लावलेली: दर आठवड्याला अमुक वारी संध्याकाळी विद्यार्थ्यांचा आधारगट, नावनोंदणीची गरज नाही. आधारगट म्हणजे गोल बसून आपापलं बोलायची आणि दुसऱ्याचं ऐकायची जागा. पुण्यात एम.ए. करताना मी दोन्हीकडे गेलो. हल्ली गावाकडची नवीन मुलं-मुली 'दादा, यातलं कुठे जाऊ?' असं विचारतात. लेक्चर, लायब्ररी, मेसच्या वेळा आणि एखादं छोटंमोठं काम यांतून आठवड्याचे दोनच तास मोकळे मिळत असतील, तर हा प्रश्न अगदी रास्त आहे.

कार्यशाळेचं देणं आधी सांगतो, कारण ते खरंच आहे. मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलो. पेपरच्या आधी छातीत धडधड, तळहाताला घाम, श्वास पुरत नाही असं वाटणं हे सगळं मी 'आपण कमकुवत आहोत' या एकाच खात्यात टाकत होतो. त्याला पॅनिक अटॅक म्हणतात, तो काही मिनिटांत चढतो आणि ओसरतो, त्याने जीव जात नाही, हे मला कार्यशाळेत कळलं. आलेल्या मॅडमनी फळ्यावर तीन रकाने आखले होते: घडलं काय, त्यावर मी मनाशी म्हटलं काय, आणि मग झालं काय. सेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, निघाली नाही, ही झाली घटना. 'म्हणजे मी कुचकामी' हे मी मनाशी म्हटलेलं. आणि मग दोन दिवस अंथरुणातून न उठणं, हा परिणाम. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ पद्धतीतली ही मांडणी कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत आणली आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घरोघरी पोचवली, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. पण स्वतःचं उदाहरण घालून ती सोडवणं वेगळं. ते तीन रकाने मी आजही वहीच्या मागच्या पानावर आखतो.

कार्यशाळांचा आणखी एक प्रकार आहे आणि त्याच्याबद्दल माझं मत चांगलंच आहे: मित्राला मदत कशी करायची हे शिकवणारा. पॉल क्विनेट यांनी १९९५ च्या सुमारास तयार केलेली क्यूपीआर ही त्यातली एक पद्धत. सरळ विचारा, मदत घ्यायला राजी करा, योग्य माणसापर्यंत पोचवा, असा तिचा गाभा. 'जीव द्यायचा विचार येतो का?' असं थेट विचारलं तर समोरच्याच्या डोक्यात तो विचार भरतो, ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. ती निराधार आहे. विचारल्याने माणूस बोलता होतो. रूममेटच्या काळजीत असाल तर आधारगटाच्या आधी हे प्रशिक्षण घ्या. यात मला अजिबात शंका नाही.

मग माझं मन कार्यशाळेवरून उडालं कशाने? फोटोने.

ज्या कार्यशाळेबद्दल लिहितोय ती एका कॉलेजच्या सभागृहात होती. सुरुवातीलाच सांगण्यात आलं, 'मागचे सगळे पुढे या, रिकाम्या खुर्च्या दिसतायत.' मॅडमनी दिवे मंद करायला लावले, डोळे मिटायला सांगितले, श्वासावर लक्ष द्यायला सांगितलं. मी खरोखर श्वासावर होतो. तेवढ्यात कुणीतरी चालत जवळ आल्याची चाहूल लागली. डोळे उघडले तर समोर मोबाइल. स्क्रीनच्या खालच्या पट्टीत नकाशाचा तुकडा, अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ. कॉलेजातल्या कुणालाही विचारा, जिओ-टॅग फोटो म्हणजे काय ते तो सांगेल. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनाला प्रत्येक उपक्रमाचा पुरावा लागतो आणि त्यात हे फोटो असतात. पुढे मॅडमनी विचारलं, 'गेल्या महिन्यात रात्र-रात्र झोप लागली नाही असं कुणाकुणाचं झालंय?' धीर करून मी हात वर केला. तेव्हाही फोटो निघाला.

तो फोटो कॉलेजच्या पानावर गेला. वर कार्यशाळेचं नाव ठळक अक्षरांत आणि खाली हात वर केलेला मी. तिथून तो आतेभावाच्या मोबाइलवर, तिथून घरी. रात्री आईचा फोन आला. ती काही बोलली नाही, फक्त 'जेवलास का' हे तीन वेळा विचारलं. शेवटी वडिलांनी फोन घेतला आणि म्हणाले, 'काही असेल तर परत ये, शिक्षण काय पळून जात नाही.' हे त्यांनी मायेनेच म्हटलं. पण मला परत जायचं नव्हतं, मला झोप हवी होती. त्यानंतर कुठल्याही कार्यशाळेत मी हात वर केला नाही. शेजारी बसलेलेही करत नाहीत, हे मग लक्षात यायला लागलं. मार्गदर्शक कितीही जीव तोडून विचारत असोत, सभागृहात सगळ्यांना झोप छान लागते.

इथे कुणाची नियत वाईट आहे असं मी म्हणणार नाही. फोटो काढणारा मुलगाही आमच्यासारखाच विद्यार्थी होता, त्याला काम नेमून दिलेलं. पण एक गोष्ट मला खटकत राहते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात, उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही असं कलम आहे, २४ वं. कार्यशाळेला आलेला विद्यार्थी रुग्ण नसतो, उपचारही घेत नसतो, म्हणून ते कलम त्याच्या मदतीला येत नाही. मात्र हात वर करून त्याने जे सांगितलेलं असतं ते तितकंच नाजूक असतं. कार्यशाळा झाली हे दाखवायला नोंद लागते, आणि नोंद होतेय म्हटलं की बोलणारा गप्प होतो. ही गाठ मला अजून कुणी सोडवून दाखवलेली नाही.

पुढच्या काळात कार्यशाळा वाढतील असं दिसतं. देशात २०२२ या एका वर्षात तेरा हजारांहून जास्त विद्यार्थ्यांनी जीवन संपवल्याची नोंद आहे, आणि राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सगळ्यांत वर आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता हवा, शिक्षक आणि इतर कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण हवं. हे फार आधी व्हायला हवं होतं. समुपदेशकाची खोली प्रत्येक कॉलेजात असावी आणि तिचा दरवाजा ऑफिसच्या खिडकीसमोर नसावा, एवढंच त्यात माझं जोडणं.

आता आधारगट. त्याच्या अडचणी लपवत नाही. पहिल्या दोन-तीन बैठकांत आपण इथे का आलो असं वाटतं. शिकवत कुणी काहीच नसतं. इंटर्नल्सच्या आठवड्यात चार डोकी जमतात, पावसाळ्यात त्याहून कमी. एखादा बोलायला लागला की थांबत नाही, आणि चालवणारी व्यक्ती नवखी असेल तर तिला त्याला थांबवता येत नाही. कधी कधी दुसऱ्याचं ऐकून आपलंच मन जड होतं आणि मेसमध्ये घास उतरत नाही. मी मध्ये काही आठवडे जाणं सोडलंही होतं.

तरी परत गेलो. तिथे टेबल नव्हतं, बॅनर नव्हता. खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि दाराजवळ बुटाचा रिकामा खोका; आत शिरताना मोबाइल बंद करून त्यात ठेवायचा. गट चालवणाऱ्या ताई मानसशास्त्र शिकलेल्या होत्या आणि दर वेळी तेच नियम नव्याने सांगायच्या. इथलं इथेच राहील. कुणी मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. स्वतःबद्दल बोलायचं. गप्प बसायचं असेल तर बसायचं. आणि एक अपवादही त्या दर वेळी स्पष्ट सांगायच्या: कुणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प राहणार नाही, पुढे कळवेन, पण आधी तुम्हाला सांगून. हा अपवाद आधीच सांगितल्यामुळे माझा विश्वास वाढला.

इतरांचं काही मी इथे लिहिणार नाही, नियमच तसा आहे. माझं सांगतो. घरी फोन लावण्याआधी मी घोटभर पाणी प्यायचो आणि एकदा खाकरून घ्यायचो, आवाज खणखणीत यावा म्हणून. फोनवर सगळं मस्त असायचं. ठेवला की अर्धा तास भिंतीकडे बघत बसायचो. हे मी पहिल्यांदा त्या खोलीत बोललो. समोर बसलेल्या दोघांनी नुसत्या माना हलवल्या, एक जण म्हणाला, 'मी तर जिन्यात जाऊन लावतो.' बस, एवढंच. कुणी समजावलं नाही, व्यायाम सुचवला नाही. पण पुढच्या आठवड्यात ताईंनी विचारलं, 'घरी बोलणं झालं का?' कुणाच्या तरी लक्षात होतं. त्या आठवड्यात मी आईला सांगितलं की झोप नीट लागत नाहीये आणि परत यायचं नाहीये, दोन्ही एकाच फोनवर. गटोपचारावर आयुष्यभर काम केलेल्या इर्विन यालोम यांनी गटातून मिळणाऱ्या फायद्यांत 'हे माझ्या एकट्याचंच नाही' या जाणिवेला महत्त्वाचं स्थान दिलं आहे. मला ते नंतर वाचायला मिळालं. तेव्हा फक्त खांद्यावरचं ओझं कमी झाल्यासारखं वाटलं होतं.

पुण्याला हे काही नवीन नाही. व्यसनमुक्तीत मुक्तांगणने १९८६ पासून, आणि स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराच्या बाबतीत रुग्णांच्या नातेवाइकांच्या स्वमदत गटांनी, एकाच वाटेवरून चाललेल्या माणसांनी एकत्र बसण्याचं मोल इथे दाखवून दिलंय. विद्यार्थ्यांचे गट मात्र अजून तुरळक, आणि चालवणारं माणूस बदललं की बंद पडणारे. म्हणून आधी तुमच्या आवारात गट आहे का ते बघा. नसेल तर या तुलनेला अर्थ नाही. कार्यशाळेला जा आणि तिथे आलेल्या मार्गदर्शकांनाच गटाबद्दल विचारा.

तुमचं दुखणं नेमकं काय आहे ते कळत नसेल, किंवा परीक्षेची भीती, अभ्यासात चालढकल, झोपेचं वेळापत्रक असं हाताशी धरता येणारं काही असेल, तर कार्यशाळा पुरते. बहुतेकांना सुरुवात तिथून सोपी जाते हेही मान्य. पण काय होतंय हे कळतंय, तंत्रं माहीत आहेत, यूट्यूबवर सगळं पाहून झालंय, तरी रात्री खोलीत एकटं वाटतं, असं असेल तर आणखी एका कार्यशाळेने फार फरक पडेल असं मला वाटत नाही. माझ्या बाबतीत तरी पडला नाही. ते दोन तास गटाला देऊन बघा.

दोन्ही गोष्टी उपचार नाहीत, हे मात्र नीट लक्षात ठेवा. आठवडेच्या आठवडे मन लागत नाही, खाणं-झोप पार बिघडली, स्वतःला इजा करावीशी वाटतेय, तर कार्यशाळेची तारीख किंवा गटाचा वार येईपर्यंत थांबू नका. मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. रात्री-अपरात्री कुणी नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ही सेवा चालू आहे, चोवीस तास, मोफत, आणि मराठीतही बोलता येतं.

गट निवडताना शक्यतो आपल्याच विभागाचा नको. शेजारच्या बाकावरचा, किंवा ज्याच्याशी मार्कांची चुरस आहे तो समोर असेल तर जीभ रेटत नाही. आत जाण्याआधी चालवणाऱ्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारा: तुमचं शिक्षण काय, इथे फोटो किंवा हजेरी होते का, आणि कुणाला जास्त मदत लागली तर तुम्ही त्याला कुठे पाठवता. उत्तरं सरळ मिळाली तर बसा. पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगून गप्प राहिलात तरी चालतं, मीही तसाच बसलो होतो. तीन-चार वेळा जाऊनही जमलं नाही तर खुशाल सोडा. फक्त ताईंना किंवा सरांना सांगून सोडा, नाहीतर पुढच्या आठवड्यात त्या रिकाम्या खुर्चीकडे बघून ते तुमची काळजी करत बसतात.