'विमेन अँड मेन इन इंडिया 2024' : फुकट आहे, कामाचं आहे, पण मोठा आकडा जपून वापरा

केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाचं (मोस्पी) हे प्रकाशन, 26वी आवृत्ती, एप्रिल 2025 मध्ये आली. पीडीएफ फुकट उतरवता येते. बचत गटांसोबत काम करणाऱ्या, प्रपोजल लिहिणाऱ्या सगळ्यांनी घेऊन ठेवाच, कारण शिक्षण, आरोग्य, रोजगार, बँक, मतदान असं इकडेतिकडे पसरलेलं सगळं बायका-पुरुष वेगळं करून एकाच जागी मिळतं. माझ्याकडून चार स्टार.

बँकेचा भाग मला सगळ्यात आवडला. देशातल्या खात्यांपैकी 39.2 टक्के खाती बायकांची, ठेवींमध्ये वाटा 39.7 टक्के, आणि ग्रामीण भागात तर खातेदारांमध्ये 42.2 टक्के बायका. म्हणजे "आमच्याकडच्या बायका बँकेत येतच नाहीत हो" असं म्हणणाऱ्या साहेबांसमोर हे पान उघडून ठेवायचं, बास.

आता रोजगाराकडे येऊ. 15 वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग (म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या किती) 2017-18 मध्ये 23.3 टक्के होता तो 2023-24 मध्ये 41.7 झाला, हा आकडा तुम्ही पन्नास पीपीटीत बघितला असेल. आकडा खोटा नाहीये. पण तो ज्यातून येतो त्या रोजगाराच्या सरकारी सर्वेक्षणात (पीएलएफएस) आत शिरून बघा ना, काम करणाऱ्या बायकांपैकी 36.7 टक्के जणी घरच्या शेतात नाहीतर दुकानात बिनपगारी राबतात, सर्वेक्षणात त्यांचा कोड 21, आणि पगारी नोकरी फक्त 15.9 टक्क्यांना, ती 2017-18 मध्ये 21 टक्के होती! म्हणजे सहभाग वाढला पण पगारी नोकरीचा वाटा घसरला. कोड 21 वालीला कामात धरलं हे बरोबरच आहे, कांदा काय आपोआप निघतो का, पण तिला कामाला लावायची स्कीम आणून काय उपयोग, ती आधीच कामाला लागलेली आहे. तिला पाहिजे सातबाऱ्यावर नाव, पिकाचे पैसे स्वतःच्या खात्यात, कर्ज स्वतःच्या सहीनं. आपल्याकडे लक्ष्मी मुक्ती योजना आहे नवऱ्याच्या सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायला, किती सीआरपी ताई (गावात बचत गटांचं काम बघणाऱ्या) त्याचा फॉर्म भरून घेतात सांगा बरं.

वेळेच्या आकड्यांशिवाय हे वाचूच नका. 2024 च्या टाइम यूज सर्व्हेत (दिवसाचा वेळ कशात जातो याचं सरकारी सर्वेक्षण) घरकाम करणाऱ्या बायकांचे रोजचे 289 मिनिटं त्यात जातात, पुरुषांचे 88, आणि ही 88 सुद्धा फक्त घरकाम करणाऱ्या पुरुषांची सरासरी, जे हातच लावत नाहीत ते त्यात धरलेले नाहीत 😄 शिवाय लेकरं-म्हातारी सांभाळणाऱ्या 15 ते 59 वयाच्या बायकांचे त्यात 140 मिनिटं. एवढं बघून पण कोणी दहा ते पाच ट्रेनिंग ठेवतं आणि वर म्हणतं बायकांना इंटरेस्ट नाही! दुपारी बारा ते तीन ठेवा, शेजारी पाळणाघर ठेवा, मग बोला.

उद्योगांचं पण तसंच. शेजारी उद्यम पोर्टलचा (लहान-मध्यम उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा) आकडा ठेवा: फेब्रुवारी 2024 पर्यंत नोंदणी झालेल्या उद्योगांपैकी 20.5 टक्के बायकांच्या मालकीचे, पण उलाढालीत वाटा 10.22 टक्के. काही तर नुसते नावावर असतात, सबसिडीसाठी, हे आपल्याला माहितीय, पण ते कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

एक स्टार कापला कारण आकडे बहुतेक करून राज्यापर्यंतच येऊन थांबतात. नंदुरबार आणि पुणे एकाच 'महाराष्ट्र' ओळीत, तालुक्याचा आराखडा यावर कसा करणार? आणि मराठीत नाही, त्यामुळे ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) मीटिंगमध्ये आपल्यालाच तोंडी सांगत बसावं लागतं.

शेवटचं, टीपा वाचा, त्या बारीक अक्षरात असतात पण खेळ तिथेच आहे. 41.7 हा 'नेहमीच्या स्थिती'चा, म्हणजे मागच्या अख्ख्या वर्षाच्या हिशोबाचा आकडा, त्यात वर्षातून 30 दिवस जोडकाम केलेली बाई पण मोजली जाते. 2025 पासून दर महिन्याला जे बुलेटिन येतं त्यातला आकडा फक्त मागच्या सात दिवसांच्या हिशोबाचा, तो कमीच येणार, एप्रिल 2025 चा 34.2 होता. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून "अरे बापरे सहभाग कोसळला" अशी पोस्ट टाकू नका प्लीज, ग्रुपवर अशा दोन येऊन गेल्यात आधीच.