बिनपरवान्याची वेब्ली आणि अर्धवट कलम

जुन्या, मोठ्या बोअरच्या (म्हणजे रुंद नळीच्या) रिव्हॉल्व्हरची गोडी असलेली माणसं पुण्यात वाटतात त्याहून बरीच आहेत. बहुतेकांकडे ना परवाना, ना शस्त्र. आहेत ती पुस्तकं, मासिकांची कात्रणं आणि केळकर संग्रहालयात काचेला नाक लावून उभं राहण्याची खोड. अशा लोकांना नेमकं हेरणारा एक गृहस्थ सध्या शहरात फिरतोय. मला त्याने पंच्याऐंशी हजारांची टोपी घातली. पुढचा कोणी सापडू नये म्हणून सविस्तर लिहितोय.

ओळख झाली रविवारी, मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात. बंदुकीच्या दारूची जुनी शिंगं, पितळी बकलं असलं काही बघत होतो. शेजारी उभा असलेला पन्नाशीचा, नीटनेटका माणूस आपणहून बोलू लागला आणि बोलणं थेट एल्मर कीथ या अमेरिकन बंदूकवेड्या लेखकावर गेलं. जड भार भरलेली .४४ स्पेशलची काडतुसं कीथने वर्षानुवर्षं झाडून बघितली, आणि त्याच्या पाठपुराव्यातून १९५५ च्या सुमारास स्मिथ अँड वेसनची .४४ मॅग्नम आली. तिथून गाडी जॉन लाइनबॉ या अमेरिकन बंदूक कारागिरावर. रूगर कंपनीच्या रिव्हॉल्व्हरची फ्रेम घेऊन त्यावर सहाऐवजी पाच काडतुसांची चक्री बसवायची, म्हणजे काडतुसाच्या प्रत्येक घराची भिंत जाड राहते आणि .५०० च्या काडतुसाचा दाब सोसते. हे सगळं त्याला तोंडपाठ होतं. पुण्यात या विषयावर बोलायला माणूस मिळणं म्हणजे काय, ते ज्याला हा नाद आहे त्यालाच कळेल. ठग अभ्यास करून येतात, हे लक्षात असू द्या.

मग हळूच मुद्दा आला. आजोबा म्हणे एका संस्थानच्या फौजेत होते. वाड्यात त्यांची वेब्ली कंपनीची रिव्हॉल्व्हर, मार्क सहा (म्हणजे सहावी आवृत्ती), पडून आहे, १९१७ ची, निकामी केलेली. "तुमच्यासारख्या जाणकाराच्या घरी गेली तर बरं वाटेल."

मार्क सहा हे नाव त्याने उगाच घेतलं नाही. ब्रिटिश सैन्याने १९१५ मध्ये घेतलेली ही .४५५ ची रिव्हॉल्व्हर, सहा इंची नळी, वजन किलोच्या जरा वर. अंगठ्याने खटका दाबला की नळी खाली झुकते, चक्रीच्या मधली चांदणी वर उठते आणि सहाही टरफलं एकदम बाहेर. गोळी सुमारे सतरा ग्रॅमची, संथ पण दांडगी. निवृत्त लष्करी अधिकारी असलेल्या एका काकांच्या ओळखीने मी खरी वेब्ली एकदाच हाताळली आहे, आणि तो खटका बंद होतानाचा आवाज अजून कानात आहे.

वस्तू दाखवली वानवडीतल्या एका फ्लॅटवर. हरणाच्या कातड्याच्या फडक्यात गुंडाळलेली. मूठ सबंध वेळ त्याच्याच हातात, फडक्यासकट. "हाताचा घाम लागला की गंज धरतो हो." मला दिसली ती फक्त डावी बाजू: वेब्ली, पेटंट्स, १९१७ असे ठसे. सोबत दोन कागद. एक बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचं, म्हणजे बंदुका तपासून त्यांवर खूण मारणाऱ्या संस्थेचं, 'निकामी केल्याचं प्रमाणपत्र'. दुसरा शस्त्र कायदा, १९५९ च्या कलम ४५ चा छापील उतारा, पिवळ्या रंगाने अधोरेखित: कालबाह्य बनावटीच्या किंवा पुरातन मूल्याच्या शस्त्राला हा कायदा लागू नाही. टोकन वीस हजार यूपीआयने, बाकीचे पासष्ट रोख, आणि वस्तू डब्यात बंद होऊन माझ्या हातात.

घरी आल्यावर पहिल्यांदा मूठ दिसली. पक्ष्याच्या डोक्यासारखी गोल वळलेली! ही मूठ आधीच्या मार्कांची. मार्क सहाची सरळ, चौकोनी असते. फ्रीजवरचा लोहचुंबक लावला तर तो घसरून खाली पडला. शोभेच्या प्रतिकृती जस्ताच्या मिश्रधातूत ओततात, तसली ही. ठसे नंतर मारलेले; भिंगातून पाहिलं तर अक्षरांच्या कडा फुगलेल्या.

प्रमाणपत्राची गंमत तर त्याहून मोठी. ब्रिटनमध्ये शस्त्र निकामी करून त्याचं प्रमाणपत्र देण्याची पद्धत १९८८ च्या कायद्याने आली. म्हणजे आजोबांची वेब्ली वाड्यातून विमानाने बर्मिंगहॅमला गेली, तिथे निकामी झाली आणि कस्टमच्या नाकावर टिच्चून वाड्यात परत आली, असं मानायला हवं. शिवाय खऱ्या प्रमाणपत्रावर शस्त्राचा क्रमांक असतो आणि शस्त्रावरही प्रूफ हाउसची खूण असते. इथे वस्तूवर क्रमांकच नव्हता.

आता खरा डाव. मी फोन केला, तर "बघतो, पैसे परत करतो" असं गोड बोलला. दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून 'क्राइम ब्रँच'चा फोन. तुम्ही विनापरवाना रिव्हॉल्व्हर घेतलीय, कलम २५ लागेल, नोकरी जाईल, घरी झडती येईल. दीड लाखात मिटवतो. त्याचा धंदा जस्ताच्या वेब्लीवर चालत नाही, या फोनवर चालतो. गिऱ्हाइकाला आपणच गुन्हा केलाय असं वाटलं की तो पोलिसात जात नाही, उलट आणखी पैसे मोजतो.

मी गेलो वकील मित्राकडे. त्याने कलम ४५ काढून पूर्ण वाचलं. उताऱ्यात वाक्य मधेच तोडलं होतं. पुढची अट अशी की ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगं नसावं. नुसतं जुनं असणं पुरेसं नाही. १९१७ ची खरी, चालू वेब्ली घरी निघाली असती तर मात्र मी खरोखरच गोत्यात आलो असतो. परवानाधारकाने आपलं शस्त्र दुसऱ्या पात्र माणसाला विकायचं म्हटलं तरी आधी जिल्हा दंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावं लागतं. फडक्यात गुंडाळून रोखीत होणारा व्यवहार यात कुठेच बसत नाही. "आणि तुझ्याकडे आहे काय?" मित्र म्हणाला. "जस्ताचा ठोकळा. उचल आणि चल ठाण्यावर."

ठाण्यात अपेक्षेपेक्षा शांतपणे ऐकून घेतलं. हवालदारांनी चुंबकाचा प्रयोग दोनदा करायला लावला आणि हसले. तक्रार नोंदवली, वस्तू पंचनामा करून जमा झाली. वानवडीचा फ्लॅट थोड्या दिवसांसाठी भाड्याने घेतलेला निघाला. यूपीआयचं खातं गोठवलंय असं कळलं. रोख पासष्ट हजारांची आशा मी धरलेली नाही. 'क्राइम ब्रँच'चा फोन तक्रारीनंतर पुन्हा आला नाही.

परवा कोथरूडच्या एका ओळखीच्याला 'कोल्ट १८७३, आजोबांची' असे फोटो आलेत. मूठ पुन्हा फडक्यातच. कोणी टोकन आधीच दिलं असेल तर सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करा; पहिल्या काही तासांत केला तर पैसे अडण्याची शक्यता जास्त. चॅट, फोटो, ते छापील कागद, धमकीच्या फोनचा नंबर, काहीही पुसू नका. आणि वस्तू घरात असेल तर ती नदीत टाकायला जाऊ नका. एकाने तसं केलं आणि आता त्याच्याकडे दाखवायला पुरावाच नाही.