बिटकॉइनचा नोड: उघड्या इंटरनेटवर, टॉरवर की आयटूपीवर?

स्वतःचा बिटकॉइन नोड (बिटकॉइनचे व्यवहार स्वतः तपासणारा आणि इतरांकडे पोहोचवणारा संगणक) उघड्या इंटरनेटवरून चालवावा, की टॉर किंवा आयटूपी या आयपी पत्ता लपवणाऱ्या नेटवर्कांवरून, हे ठरवण्याआधी नेमके काय लपवायचे आहे ते ठरवावे लागते. आपण नोड चालवतो ही गोष्टच इंटरनेट सेवा पुरवठादारापासून लपवायची आहे, की आपला व्यवहार प्रथम कोणत्या आयपी पत्त्यावरून बाहेर पडला एवढेच झाकायचे आहे? पुढची सारी निवड या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

उघड्या इंटरनेटचा मोठा फायदा म्हणजे वेग. सुरुवातीला शेकडो गिगाबाइटचे ब्लॉक (व्यवहारांच्या नोंदींचे गठ्ठे) उतरवून तपासावे लागतात आणि टॉरवरून हे काम बरेच रेंगाळते. मात्र आपला आयपी पत्ता जोडलेल्या प्रत्येक नोडला दिसतो. बिटकॉइन कोअर या नोड चालवण्याच्या सॉफ्टवेअरच्या २७.० आवृत्तीपासून (२०२४) नोडांमधील संवाद, दोन्ही बाजूंची तयारी असल्यास, आपोआप कूटबद्ध होतो. पण त्याने पत्ता झाकला जात नाही.

टॉरवर ओनियन पत्ता (टॉरच्या आतच चालणारा पत्ता) मिळतो, राउटरवर ८३३३ पोर्ट (बाहेरून येणाऱ्या जोडण्यांची वाट) उघडावा लागत नाही. येथे एक बारकावा आहे. केवळ प्रॉक्सी (मध्यस्थ) म्हणून टॉर वापरल्यास उघड्या इंटरनेटवरील नोडांशी होणारा संवाद टॉरच्या निर्गम रिलेमधून (टॉरमधून बाहेर पडतानाच्या शेवटच्या संगणकातून) जातो आणि तो रिले चालवणाऱ्याला त्या संवादात ढवळाढवळ करता येते; नोडने कोणत्या नेटवर्कवर जोडण्या कराव्यात हे सांगणारी ‘ओन्लीनेट’ ही सेटिंग ओनियनपुरती मर्यादित केल्यास हा धोका राहत नाही. पण दुसरा उरतो: ओनियन पत्ते फुकटात हवे तितके बनवता येतात, त्यामुळे एकच हल्लेखोर असंख्य नोडांचे सोंग घेऊन आपल्याला घेरू शकतो. उघड्या इंटरनेटवर यासाठी नेटवर्कच्या वेगवेगळ्या भागांतील आयपी पत्ते जमवावे लागतात. शिवाय टॉरवरून आत येणारी जोडणी नोडला बहुधा १२७.०.०.१ या स्थानिक पत्त्यावरूनच आलेली दिसते, त्यामुळे उपद्रवी नोड निवडून बाजूला काढणे अवघड जाते.

आयटूपीची सोय बिटकॉइन कोअरच्या २०२१ मधील २२.० आवृत्तीत आली. त्यासाठी आयटूपीचा राउटर वेगळा चालवावा लागतो आणि नवे बोगदे (संवादाचे कूटबद्ध मार्ग) स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. फक्त आयटूपीवर विसंबू नये, हे मात्र पक्के.

माझ्या मते गोपनीयता हवी असलेल्याने टॉर आणि आयटूपी दोन्ही जोडावीत, म्हणजे एक कोलमडले तरी नोड एकटा पडत नाही. व्यवहाराचा उगम झाकणे एवढाच हेतू असेल, तर पहिला साठा उघड्या इंटरनेटवरून उतरवून मग टॉर-आयटूपीकडे वळण्यास हरकत नाही. नोडचे अस्तित्वच लपवायचे असेल, तर पहिल्या ब्लॉकपासून टॉरच वापरावे आणि उशीर सोसावा. तरीही ब्रिज (टॉरमध्ये शिरण्याची जाहीर नसलेली वाट) न वापरल्यास टॉर वापरल्याचे पुरवठादाराला कळते. उघडे इंटरनेट आणि टॉर एकाच नोडवर चालू ठेवणे सोयीचे वाटते खरे, पण नोडच्या वागण्यावरून दोन्ही पत्ते एकाच यंत्राचे असल्याचा माग काढता येतो. ज्याला केवळ स्वतः ब्लॉक तपासायचे आहेत आणि लपवण्यासारखे काही नाही, त्याने मात्र एवढी खटपट करू नये.