ग्रेहाउंड घ्यावा की लर्चर? रानातल्या कामाच्या हिशोबाने रिव्ह्यू

निकाल आधीच सांगून टाकतो, कारणं नंतर वाचा. रोज रानात उतरून दिवसभर काम करणारा कुत्रा पाहिजे असेल तर लर्चर घ्या, आणि लर्चर घेताना पण त्याचे आईबाप कोण ते बघूनच घ्या. शुद्ध ग्रेहाउंड पळायला लागला की बघणाऱ्याचा श्वास अडकतो हे शंभर टक्के खरं, पण तो एकाच कामासाठी, म्हणजे उघड्यावर हेअरच्या (माळावर राहणाऱ्या मोठ्या सशाच्या) मागे पळण्यासाठी, घडवलेला कुत्रा आहे आणि ते काम इंग्लंडमध्ये आता कायद्याने करता येत नाही. मी इकडे इंग्लंडमध्ये मेंढ्यांच्या फार्मवर असतो, रॅबिटचा (बिळात राहणाऱ्या लहान सशांचा) बंदोबस्त हा त्या कामातलाच एक भाग, कारण रॅबिट कुरणं खातात आणि जमीन पोखरून ठेवतात. दोन्ही प्रकारचे कुत्रे सांभाळलेत, रानात नेलेत, त्यांच्या जखमा धुतल्यात, म्हणून हे लिहितोय.

ज्यांना लर्चर माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ग्रेहाउंड, व्हिपेट, डीअरहाउंड असे जे नजरेवर शिकार करणारे कुत्रे आहेत त्यांचा कोली (मेंढ्या राखणारा) किंवा टेरिअर (बिळातली शिकार काढणारा) अशा कामकरी जातीशी क्रॉस केला की झाला लर्चर. दोन्ही बाजूंनी पळणारेच असतील, म्हणजे ग्रेहाउंड आणि सालुकी वगैरे, तर त्याला लाँगडॉग म्हणतात. लर्चर ही जात नाही, केनेल क्लब (कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणारी संस्था) त्याला जात म्हणून मानत नाही, पेडिग्रीचा म्हणजे वंशावळीचा कागद मिळत नाही. हा कुत्रा गरिबांनी बनवलाय. १४व्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये असा कायदा आला होता की ठराविक उत्पन्नाची जमीन नसेल त्याने ग्रेहाउंड पाळायचाच नाही, शिकार ही बड्या लोकांची. मग भटके रोमानी लोक, शेतमजूर, रात्री चोरून शिकार करणारे यांनी पिढ्यानपिढ्या असा कुत्रा जमवत आणला की जो दिसायला साधा, अंगाने राकट, आवाज न करणारा आणि चुलीसाठी काहीतरी तोंडात धरून आणणारा. तो गुण अजून त्यांच्या रक्तात आहे आणि मला त्याचं फार कौतुक आहे.

आता ग्रेहाउंड. वेग ताशी ६५ ते ७० किलोमीटर, इथल्या रेस ट्रॅकवर ४८० मीटरचं अंतर चांगला कुत्रा ३० सेकंदांच्या आत मारतो. धावताना एका ढांगेत दोनदा चारी पाय हवेत असतात. शरीराच्या मानाने हृदय मोठं, रक्तात लाल पेशींचं प्रमाण बाकी कुत्र्यांपेक्षा जास्त, अंगावर चरबी जवळजवळ नाहीच. ज्यांनी आपल्याकडचा कारवानी शिकारी कुत्रा जवळून बघितलाय त्यांना ही खोल छाती आणि आत ओढलेलं पोट लगेच ओळखू येईल, फक्त ग्रेहाउंडचे पुठ्ठे जास्त भरलेले असतात, सगळा जोर मागच्या पायांत. पण हे सगळं यंत्र अर्ध्या मिनिटासाठी, फार तर एक मिनिटासाठी आहे. जुन्या कोर्सिंगमध्ये स्लिपर नावाचा माणूस दोन ग्रेहाउंड एकदम सोडायचा, उघड्या माळावर हेअरच्या मागे, आणि कोण जास्त वेळा हेअरला वळवतो त्यावर मार्क मिळायचे. लँकशरमध्ये ग्रेट आल्टकारला १८३६ पासून वॉटरलू कप व्हायचा तो ह्याच खेळाचा, शेवटचा झाला २००५ च्या फेब्रुवारीत, कारण १८ फेब्रुवारी २००५ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये हंटिंग ॲक्ट, म्हणजे कुत्रे लावून शिकार करण्यावर बंदी घालणारा कायदा, लागू झाला. आयर्लंडमध्ये कोर्सिंग अजून चालतं, पण १९९३ पासून कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधून.

म्हणजे सपाट मोकळं रान, समोर दिसणारं जनावर, एक जोरदार दौड आणि मग विश्रांती. ह्यासाठी ग्रेहाउंडला तोड नाही. पण माझं रोजचं काम तसं नाहीये ना. दगडी बांध, काटेरी तार, झुडपं, उतार, चिखल, त्यात मेंढ्या, त्यात बिळं. ग्रेहाउंडची कातडी कागदासारखी पातळ, तारेला घासला की फाटतेच, आणि तो पळताना तार बघतच नाही, त्याला फक्त पुढचं पळणारं दिसतं. मोकळ्यावर रॅबिट पाचपन्नास पावलांत बिळात शिरतो, ग्रेहाउंड पूर्ण वेगात यायच्या आतच खेळ संपलेला असतो, आणि रॅबिटने झटकन वळण घेतलं की हा तीसबत्तीस किलोचा कुत्रा सरळ पुढे निघून जातो, कधी थेट कुंपणावर. दोनचार दौडी झाल्या की थकतो, आणि गरम दिवसात जबरदस्तीने पळवला तर स्नायू मोडायला लागतात, लघवी तपकिरी होते, किडनीवर येतं. हे जिवावरचं दुखणं आहे, हलक्यात घेऊ नका. उलट थंडीत पावसात बिळापाशी तासभर गप बसवलं तर कुडकुडतो, कारण अंगावर ना चरबी ना दाट केस.

तरी पण ग्रेहाउंड डोक्याने मंद असतो हे जे लोक बोलतात ते मला अजिबात पटत नाही. तो नजरेवर चालतो आणि स्वतः ठरवून चालतो, माणसाकडे वळून विचारायची सवय त्याच्या रक्तात नाही एवढंच. ट्रॅकवरून रिटायर झालेला असेल तर त्याचं पिल्लूपण केनेलमध्ये गेलेलं असतं, मेंढी काय, मांजर काय, त्याने बघितलेलीच नसते, अशाला रानात मोकळं सोडून रिकॉलची, म्हणजे हाक मारली की परत येण्याची, अपेक्षा करणं म्हणजे त्याच्यावर अन्याय आहे. घरात ठेवायला मात्र इतका शांत, प्रेमळ कुत्रा शोधून सापडणार नाही, दिवसातले बहुतेक तास झोपून काढतो, आणि रेसिंग तीनचार वर्षांच्या वयात संपतं त्यामुळे शेकडो ग्रेहाउंड घर शोधत असतात. घरासाठी पाहिजे तर डोळे मिटून घ्या. कामासाठी नको.

लर्चरकडे येतो, कारण खरा विचार इथेच करावा लागतो, आणि बहुतेक लोक इथेच गडबड करतात, नुसतं लर्चर म्हटलं म्हणून घेऊन येतात. अर्धा ग्रेहाउंड अर्धा बॉर्डर कोली असा पहिला क्रॉस घेतला तर डोकं जबरदस्त, एकदा दाखवलं की शिकला, दिवसभर दम, हाक मारली की परत, पण वेग कमी पडतो आणि काहींमध्ये कोलीचं ते मेंढ्या गोळा करायचं वेड उतरतं, मग रॅबिट राहतो बाजूला आणि हा मेंढ्यांना गोल फिरवत बसतो. म्हणून ह्या पहिल्या क्रॉसला परत ग्रेहाउंड लावून जो तीन भाग ग्रेहाउंड एक भाग कोली कुत्रा होतो तो मला सगळ्यात जमलेला वाटतो, रात्री लॅम्पच्या उजेडात रॅबिट धरायचं जे काम करतात त्याला तर हाच. पण हे लक्षात ठेवा की पहिल्या क्रॉसची पिल्लं बरीचशी एकसारखी निघतात, तिथून पुढच्या पिढीत मात्र एकाच वेतातलं एक पिल्लू पूर्ण ग्रेहाउंड दिसतं आणि दुसरं पूर्ण कोली. त्यामुळे कागदावरच्या हिशोबापेक्षा पिल्लू समोर बघून निवडायला पाहिजे.

बेडलिंग्टन टेरिअरचा क्रॉस, व्हिपेटशी किंवा ग्रेहाउंडशी, फेरेट (मुंगसासारखं पाळीव जनावर) बिळात सोडून रॅबिट बाहेर काढायच्या कामाला, म्हणजे फेरेटिंगला, मला सगळ्यात आवडतो. अंगावर राठ केस असतात, काट्यातून बिनधास्त घुसतो, आकाराने आटोपशीर, ग्रेहाउंडशी क्रॉस असेल तर खांद्याशी साधारण २२ ते २४ इंच, व्हिपेटशी असेल तर त्याहून लहान, त्यामुळे झटकन वळतो. आणि नाक! ग्रेहाउंड नाक वापरतच नाही म्हटलं तरी चालेल, हा बिळापाशी जाऊन वास घेतो आणि आत कोणी असेल तर मान तिरपी करून तिथेच थिजतो, नसेल तर पुढे निघतो. ह्यालाच मार्किंग म्हणतात आणि फेरेटिंगमध्ये ह्याच्यासारखी वेळ वाचवणारी गोष्ट नाही, कारण रिकाम्या बिळावर जाळी लावत बसावं लागत नाही. नंतर जाळीतल्या रॅबिटवर झेप घ्यायची नाही, फेरेट बाहेर आला तर त्याला तोंड लावायचं नाही, जाळी चुकवून पळालेला तेवढाच धरायचा आणि जिवंत, न चिरडता हातात आणून द्यायचा, हे सगळं चांगला लर्चर एका हंगामात शिकतो. ग्रेहाउंडला हे शिकवता येतच नाही असं नाही, पण त्यात जेवढा वेळ जाईल तेवढ्यात लर्चर दोन हंगाम काम करून देईल.

सालुकीचा क्रॉस दमाला फार मोठा, लांबच्या दौडीला उत्तम, पण हट्टी, आणि रॅबिटच्या कामाला उपयोग कमी. डीअरहाउंडचा क्रॉस देखणा आणि उंच, लहान रानात अडतो. बुल टेरिअरसारख्या कुत्र्याचा क्रॉस मी घेत नाही, त्याचा जोर रॅबिटच्या कामाला लागतच नाही.

तब्येतीचं बोललंच पाहिजे, कारण ह्यात चूक झाली तर कुत्रा हातचा जातो. ग्रेहाउंडचं लिव्हर काही भुलीची औषधं हळू पचवतं, जुन्या बार्बिच्युरेट भुलीतून तो लवकर बाहेर येत नाही, म्हणून डॉक्टरला आधीच सांगायचं की ग्रेहाउंड आहे किंवा ह्यात ग्रेहाउंडचं रक्त आहे. त्याचा थायरॉइडचा आकडा पण जातीनेच कमी असतो, तो बघून गोळ्या सुरू करायची घाई करू नये. हाडाचा कॅन्सर ह्या जातीत जास्त दिसतो. ट्रॅकवरून आलेला असेल तर मागचा उजवा पाय नीट तपासून घ्या, ट्रॅकवर डावीकडे वळत पळतात त्यामुळे त्याच पायाच्या घोट्याचं हाड मोडायचं प्रमाण जास्त. लर्चर म्हणजे सगळ्या दुखण्यांतून सुटका असं पण नाही. कोलीचं रक्त असेल तर एमडीआर-१ नावाचा जनुकातला दोष येऊ शकतो, रफ कोलीत तो खूप, बॉर्डर कोलीत कमी, आणि तो असेल तर आयव्हरमेक्टिन जास्त पोटात गेलं की थेट मेंदूवर परिणाम होतो. फार्मवर मेंढ्यांना घोड्यांना जंताचं हेच औषध चालतं, सांडलेली पेस्ट किंवा ताजी लीद कुत्र्याने चाटली तरी पुरे होतं. टेस्ट साधी आहे, करून घ्या. बेडलिंग्टनमध्ये लिव्हरमध्ये तांबं साठायचा आजार आहे, तो दोन्ही आईबापांकडून आला तरच होतो, म्हणजे पहिल्या क्रॉसला भीती नाही, बेडलिंग्टनचं रक्त परत परत घातलेल्या पिल्लांबद्दल विचारायचं.

कायदा. इंग्लंड आणि वेल्समध्ये रॅबिट आणि रॅट (मोठे उंदीर) कुत्रा लावून धरायला मुभा आहे पण जमीनमालकाची परवानगी पाहिजेच, आणि ती लेखी खिशात ठेवलेली बरी. स्कॉटलंडचा २०२३ चा कायदा वेगळा आहे आणि जास्त कडक, तिकडे जाणार असाल तर तो आधी वाचा. हेअरच्या मागे कुत्रा सोडायचा विचारसुद्धा करू नका, २०२२ पासून शिक्षा वाढल्यात आणि कोर्ट कुत्रा पाळायला बंदी घालू शकतं. हेअरच्या मागे चोरून कुत्रे सोडणाऱ्या टोळ्यांमुळे शेतकरी लर्चर दिसला की संशयाने बघतात, आणि प्रामाणिकपणे काम करणाऱ्यालाही त्याचा त्रास होतो, ह्याची मला मनापासून चीड येते. मेंढ्यांचं तर आणखी गंभीर, मेंढ्यांवर सुटलेल्या कुत्र्याला शेवटचा उपाय म्हणून शेतकरी गोळी घालू शकतो. त्यामुळे पिल्लू असतानाच, लांब दोरीवर, रोज मेंढ्यांच्या मधून फिरवून त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकवायचं, लर्चर असो की ग्रेहाउंड.

पिल्लू घ्यायला जाल तेव्हा आईला काम करताना बघायचा आग्रह धरा, नुसते फोटो आणि बोलणं नको. बापाने कुठल्या रानात काम केलंय, तारेवरून उडी मारतो का, हातात आणून देतो का, मेंढ्यांत कसा वागतो, ह्याची सरळ उत्तरं न देणाऱ्याकडून घेऊ नका. आणि घेतल्यावर वर्षभर तरी त्याला जोरात पळवू नका, हाडं भरायला तेवढा वेळ लागतोच, तोवर रिकॉल, बसणं, आणून देणं एवढंच करून घ्या. ज्यांना पिल्लापासून सुरुवात करायची नाही त्यांनी रेस्क्यूमध्ये (बेघर कुत्रे सांभाळणाऱ्या संस्थेत) बघावं, तिथे मोठे झालेले लर्चर भरपूर असतात, फक्त त्यांना मेंढ्यांजवळ नेऊन बघितल्याशिवाय घरी आणू नका.