डोव्हकॉटवरील फोल्डर सबस्क्रिप्शन : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कार्यालयाचा मेल सर्व्हर कुरिअर या सर्व्हर-प्रणालीवरून डोव्हकॉट या दुसऱ्या प्रणालीवर आणून आता बरेच महिने लोटले. वेग आणि स्थैर्य यांबाबत तक्रारीला जागा नाही. सतत डोके वर काढत राहिला तो फोल्डर सबस्क्रिप्शनचा, म्हणजे दाखवायच्या फोल्डरांच्या सर्व्हरवरील निवड-यादीचा प्रश्न. 'माझा फोल्डर गायब झाला' असा निरोप येतो, तेव्हा बहुतेक वेळा फोल्डर आणि त्यातील मेल सर्व्हरवर जागच्या जागी असतात, फक्त सबस्क्रिप्शनच्या यादीत त्याचे नाव नसते.

आयमॅपमध्ये, म्हणजे सर्व्हरवरील मेल वाचण्याच्या प्रमाण पद्धतीत, या दोन याद्या मुळातच वेगळ्या आहेत. अस्तित्वात असलेले फोल्डर 'लिस्ट' या आज्ञेने कळतात, तर सबस्क्राइब केलेले 'एलसब'ने. थंडरबर्ड या संगणकावरील मेल-प्रोग्रॅममध्ये केवळ सबस्क्राइब केलेले फोल्डर दाखवण्याचा पर्याय आधीपासूनच चालू असतो. उलट फोनवरील काही अ‍ॅप ही यादी विचारातच घेत नाहीत. साहजिकच एकाच खात्यातील फोल्डर फोनवर दिसतो, संगणकावर दिसत नाही, आणि दोष मात्र सर्व्हरच्या माथी येतो.

स्थलांतराच्या वेळी सर्वाधिक वेळ याच यादीने खाल्ला. कुरिअरच्या सबस्क्रिप्शन फाइलमध्ये प्रत्येक नावाआधी 'इनबॉक्स' आणि टिंब असा उपसर्ग असतो. डोव्हकॉटच्या फाइलमध्ये तो नको असतो, कारण तिथे तो नेमस्पेसच्या, म्हणजे फोल्डरांच्या नावांची रचना ठरवणाऱ्या, सेटिंगमधून येतो. फाइल जशीच्या तशी उचलून ठेवली, तर नावे जुळत नाहीत आणि वापरकर्त्यासमोर जवळजवळ रिकामे खाते उभे राहते. ती हाताने दुरुस्त करताना आणखी एक काळजी घ्यावी लागते : रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्यातून संपादन केल्यास फाइलची मालकी बदलू शकते, आणि मग वापरकर्त्याने केलेले बदल साठवले जात नाहीत.

म्हणून पुढे मी फाइलला हात लावणे सोडले आणि डोव्हकॉटच्या 'डोव्हअ‍ॅडम' या व्यवस्थापन साधनाचाच आधार घेतला. त्याची मेलबॉक्स-यादीची आज्ञा एकदा साधी आणि एकदा 'एस' पर्यायासह चालवली, की दोन्ही याद्या शेजारी-शेजारी ठेवून फरक तत्काळ दिसतो. राहिलेला फोल्डर त्याच साधनाने सबस्क्राइबही करता येतो. या एका साधनासाठी मी डोव्हकॉटला झुकते माप देईन. पाठवलेले मेल, मसुदे अशा नेहमीच्या फोल्डरांसाठी 'ऑटो' या सेटिंगची किंमत 'क्रिएट' न ठेवता 'सबस्क्राइब' ठेवावी. पहिलीने फोल्डर तयार होतो, पण सबस्क्राइब होत नाही, हे सेटिंग वाचताना सहज नजरेतून निसटते.

उरते ती मेलेल्या नावांची अडचण. फोल्डर काढून टाकला, तरी त्याचे नाव यादीत राहू शकते आणि त्यावर क्लिक केले की चूक दाखवली जाते. ही डोव्हकॉटची उणीव नव्हे : आयमॅपचे नियम सांगणाऱ्या २००३ च्या आरएफसी ३५०१ या दस्तऐवजानुसार फोल्डर अस्तित्वात नसला, तरी सर्व्हरने आपणहून सबस्क्रिप्शन रद्द करायचे नसते, कारण त्याच नावाचा फोल्डर पुन्हा तयार होऊ शकतो. सामायिक फोल्डरांबाबत हे मला पटते; एरवी कटकटच वाटते. माझी छोटी स्क्रिप्ट अशी नावे केवळ कळवते, काढत नाही. ती काढायची की नाही, हे त्या खात्याच्या धन्याला विचारूनच ठरवतो.