‘हेड गेलंय’ म्हणत साडेसहा हजारांना फसवलं: घरच्या इंकजेट प्रिंटरच्या दुरुस्तीत काय चालतं

नाशिकच्या एका घरात घडलेली ही गोष्ट. तपशील मुद्दाम नीट देतोय, कारण हाच प्रकार थोड्याफार फरकाने कुठेही होऊ शकतो.

घरात एप्सनचा एल३११० हा इंक टँक प्रिंटर. सुट्टीत घर बंद, त्यामुळे मे महिनाभर प्रिंटर बंद. जूनमध्ये मुलीच्या प्रवेशाचे कागद काढायला घेतले, तर अक्षरांवर आडवे पांढरे पट्टे आणि फोटोतला चेहरा हिरवट. मुलीने प्रिंटरच्या सेटिंगमधून नोझल चेकचा, म्हणजे शाईची छिद्रं तपासणारा, कागद काढला. काळ्या रंगाच्या बऱ्याच रेघा तुटलेल्या, मजेंटा (गुलाबी) जवळजवळ नाहीच. वडिलांनी मोबाइलवर ‘सर्व्हिस सेंटर’ शोधलं आणि सगळ्यात वर दिसलेल्या नंबरवर फोन केला.

माणूस तासाभरात हजर. गळ्यात कंपनीचं नाव असलेलं ओळखपत्र. त्याने एकामागून एक हेड क्लीनिंग (शाई फवारणाऱ्या भागाची, म्हणजे हेडची, सफाई) चालवलं, मध्ये एकही कागद काढला नाही. मग स्कॅनरचा भाग उचलून आत टॉर्च मारला आणि म्हणाला, “साहेब, हेड गेलंय. वर्कशॉपला न्यावं लागेल.” दोन दिवसांनी प्रिंटर परत आला, छपाई स्वच्छ. साध्या कागदावर ‘हेड बदलले – ६५००’ एवढंच लिहिलेलं, ना जीएसटी क्रमांक, ना शिक्का, ना वॉरंटी. जुनं हेड मागितलं तर म्हणे, “ते कंपनीत जमा करावं लागतं.” तीन आठवड्यांत पट्टे पुन्हा सुरू.

मुलीने पुन्हा नोझल चेक काढला आणि जूनमधल्या कागदाशेजारी ठेवला. काळ्या रंगाच्या रेघांच्या जिन्यासारख्या नमुन्यात खालून तिसऱ्या ओळीतल्या दोन बारीक रेघा जूनच्या कागदावरही गायब होत्या, आताही गायब. अगदी त्याच जागी. निळ्यातली एक रेघही तशीच.

सगळी चोरी इथे उघडी पडते. नोझल चेकमधली प्रत्येक छोटी रेघ म्हणजे हेडवरचं एकेक छिद्र. एल३११० च्या हेडवर काळ्यासाठी १८० आणि प्रत्येक रंगासाठी ५९ छिद्रं असतात. कुठली बंद आहेत, याचा नमुना त्या हेडचा स्वतःचा असतो. हेड खरोखर नवं बसवलं असतं, तर त्याच्यावर जुन्याच जागची तीच छिद्रं बंद असण्याचं काही कारण नव्हतं. म्हणजे हेड बदललंच नव्हतं. फक्त साफ केलं होतं. जी छिद्रं उघडली नाहीत ती तशीच राहिली आणि बाकीची पुन्हा सुकू लागली. साफ करायचे पैसे घेतले असते तर तक्रार नव्हती. न बसवलेल्या हेडचे पैसे घेतले, हा गुन्हा आहे.

म्हणून कोणालाही बोलावण्याआधी नोझल चेकचा कागद काढा, त्यावर तारीख टाका आणि जपून ठेवा. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये जाऊन प्रिंटर निवडा, मग प्रिंटिंग प्रेफरन्सेस आणि तिथला मेंटेनन्स टॅब. एप्सन आणि कॅनन दोन्हींत नोझल चेक तिथेच सापडतो. एचपीत त्याला प्रिंट क्वालिटी रिपोर्ट म्हणतात, एचपीच्या ॲपमधून निघतो. पिवळा रंग पांढऱ्या कागदावर डोळ्यांना नीट दिसत नाही. खोलीत अंधार करून मोबाइलच्या पडद्यावर गडद निळं चित्र लावा आणि त्या उजेडात कागद बघा, पिवळ्या रेघा काळपट दिसतात.

हा कागद वाचता आला की अर्धे भामटे दारातूनच परततील. रेघा दर वेळी वेगवेगळ्या जागी तुटत असतील, तर दोष शाईच्या पुरवठ्यात असतो: नळीत हवा शिरलेली, टाकीतली पातळी खाली गेलेली, किंवा जुन्या एल२१० सारख्या मॉडेलमध्ये बाजूची वाहतुकीची कळ चुकून बंद राहिलेली. घर बदलताना प्रिंटर आडवा केला असेल, तर आधी हेच तपासायचं. रेघा दर वेळी त्याच जागी तुटत असतील, तर ती छिद्रं सुकलेल्या शाईने बंद आहेत. एक अख्खा रंग गायब असेल, तर बहुतेक वेळा त्या रंगाच्या नळीत किंवा हेडवरच्या डँपरमध्ये (शाई हेडला पोचण्याआधीच्या छोट्या डबीत) हवा असते. क्वचित विजेचा दोष. आणि नोझल चेक पूर्ण असूनही छपाई वाईट असेल, तर हेडला हातच लावायचा नाही. कागदाचा प्रकार चुकीचा निवडलेला असतो, ड्राफ्ट मोड चालू असतो, नाहीतर हेडची जुळणी बिघडलेली असते. साधारण अडीच सेंटीमीटरच्या अंतराने पट्टे येत असतील, तर कागदाचा प्रकार नीट करा आणि मेंटेनन्समधून हेड अलाइनमेंट करा. उभ्या रेघा दुहेरी किंवा नागमोडी दिसत असतील, तरी उपाय अलाइनमेंटच. ‘हाय स्पीड’ची खूण काढून बघा. यातल्या कशालाच माणूस घरी बोलवावा लागत नाही.

बंद छिद्रांसाठी एप्सनच्या टँक प्रिंटरचा क्रम असा. एकदा हेड क्लीनिंग, मग नोझल चेक. असं तीन वेळा. तरी सुधारलं नाही, तर प्रिंटर बंद करून किमान १२ तास काही छापायचं नाही, मग पुन्हा नोझल चेक. या १२ तासांत नळीतले बुडबुडे बसतात आणि सुकलेली शाई सैल होते, त्यामुळे बऱ्याचदा काही न करता रेघा परत येतात. त्यानंतरही दोष राहिला तर पॉवर क्लीनिंग, म्हणजे जास्त शाई वापरणारी जोरदार सफाई. पण त्याआधी चारही टाक्या डोळ्यांनी बघा, प्रत्येकीत किमान एक तृतीयांश शाई हवी. कमी शाईवर पॉवर क्लीनिंग चालवलं तर प्रिंटर खराब होऊ शकतो. एकदा केल्यावर पुन्हा करायला परत १२ तास थांबायचं.

आता नाशिकच्या घरी आलेल्याने काय केलं ते बघा. मध्ये न थांबता, कागद न काढता क्लीनिंगवर क्लीनिंग. याने दोन गोष्टी होतात. शाईची टाकी झपाट्याने उतरते आणि ती सगळी शाई प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजी पॅडमध्ये जाते. वर ग्राहकाला वाटतं, इतकं करूनही होत नाही म्हणजे हेड खरंच गेलं असणार. घाई करून अपयश दाखवायचं आणि त्या अपयशावर महागडी दुरुस्ती विकायची. १२ तास थांबा, असं सांगणारा माणूस त्या दिवशी पैसे कमावत नाही, एवढंच यामागचं कारण.

हेडच्या बाबतीत आणखी एक ठाऊक असू द्या, कारण ‘हेड बदलू’ हे वाक्य सगळ्या प्रिंटरना सारखं लागू पडतच नाही. एचपी किंवा कॅननचे छोट्या काड्रिजवर चालणारे प्रिंटर असतात ना, एचपी ८०३ किंवा कॅनन ७४५ आणि ७४६ वाले, त्यांचं हेड काड्रिजलाच जोडलेलं असतं. नवं काड्रिज म्हणजे नवं हेड. तिथे कोणी वेगळ्या हेडचे पैसे मागितले, तर दार दाखवा. अशा काड्रिजला घरच्या घरी करायचं एवढंच: कोमट डिस्टिल्ड पाण्यात भिजवून पिळलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडावर खालची बाजू मिनिटभर टेकवून ठेवायची, तांब्याच्या पट्ट्यांना बोट लावायचं नाही. कॅननच्या जी मालिकेत आणि एचपीच्या टँक प्रिंटरमध्ये हेड वेगळं सुटं मिळतं आणि बदलणं अवघड नाही. एप्सनच्या टँक प्रिंटरचं हेड मात्र पिझो पद्धतीचं (विजेच्या इशाऱ्यावर हलून शाई ढकलणारं), प्रिंटरच्या आयुष्यभरासाठी बसवलेलं. ते बदलणं हे सर्व्हिस सेंटरचं काम. बदलल्यावर त्या हेडचा ओळख कोड सर्व्हिस सॉफ्टवेअरमधून प्रिंटरला द्यावा लागतो. “हेडचा कोड दाखवा,” एवढंच विचारा. ज्याने खरंच बदललंय त्याच्याकडे त्या डब्याचा आणि कोडच्या लेबलचा फोटो असतो.

प्रिंटर घराबाहेर न्यायची वेळ आलीच, तर नेण्याआधी मागच्या लेबलचा सिरीयल क्रमांक मोबाइलवर टिपा, टाक्यांवर मार्करने शाईची पातळी आखा, झाकण उघडून हेडच्या गाडीवर एका कोपऱ्यात नेलपॉलिशचा बारीक ठिपका द्या. ठिपका दिसेल अशा जागी नको. परत आल्यावर या खुणा तपासा. शाईचीही चोरी होते: ओरिजिनल शाई सिरिंजने काढून घेतात आणि सुटी लोकल शाई भरतात. एल३११० ला लागणारी ००३ क्रमांकाची बाटली ६५ मिलीची असते. कॅनन जी आणि एचपीच्या बहुतेक टँक प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट (बारीक कण असलेली) आणि रंगीत शाया डाय (पूर्ण विरघळलेल्या) असतात. कोणी घाईत पिगमेंट शाई रंगीत टाकीत ओतली, तर छिद्रं खरोखर कायमची बंद होऊ शकतात. म्हणजे आधी नसलेला दोष दुरुस्तीतच तयार होतो.

पॅडचा धंदा वेगळाच. पॅड भरत आलं की एप्सनमध्ये ‘इंक पॅडचं आयुष्य संपलं’ असा संदेश येतो, कॅननमध्ये ५बी०० हा एरर. यासाठी काही जण ‘मदरबोर्ड गेला’ म्हणून चार-पाच हजार उकळतात आणि प्रत्यक्षात सॉफ्टवेअरने पॅडचा काउंटर फक्त शून्यावर आणतात. दोन मिनिटांचं काम. पण पॅड न बदलता काउंटर शून्य केला, तर काही महिन्यांनी शाई खालून झिरपते, टेबल रंगतं, आत सर्किटवर गेली तर प्रिंटर मरतो. पॅड बदलूनच रिसेट करून घ्या, आणि जुनं भिजलेलं पॅड समोर ठेवायला सांगा. इंटरनेटवरून फुकट ‘रिसेटर’ उतरवू नका, त्यांतून व्हायरस सर्रास येतात.

फोनवरच गंडवणारे तर घरी येतसुद्धा नाहीत. गुगलवर वर दिसणारा ‘प्रायोजित’ नंबर किंवा नकाशावर कोणीतरी टाकलेला टोल-फ्री नंबर लावला की ते एनीडेस्क किंवा क्विकसपोर्ट (दुरून तुमचा कॉम्प्युटर चालवू देणारी ॲप) टाकायला लावतात, विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधल्या लाल खुणा दाखवून ‘व्हायरसमुळे प्रिंट फिकी येते’ म्हणतात आणि ड्रायव्हरचं वर्षाचं ‘लायसन्स’ विकतात. त्या लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, आणि या कंपन्यांचे ड्रायव्हर फुकट असतात. सुकलेलं छिद्र दुरून पडदा बघून उघडत नाही, हे पक्कं समजा. ‘नोंदणीसाठी फक्त १० रुपये’ भरायची लिंक किंवा ॲप पाठवलं, तर फोन ठेवा. त्या दहा रुपयांत त्यांना रस नाही, तुमच्या कार्डाची माहिती आणि ओटीपी हवा असतो. खरा नंबर खोक्यातल्या वॉरंटी कार्डवर असतो, किंवा कंपनीची वेबसाइट स्वतः टाइप करून उघडा.

पैसे ऑनलाइन गेले असतील, तर पहिला फोन १९३० वर, दुसरा बँकेला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इनवर तक्रार. जितक्या लवकर कळवाल, तितकी पुढच्या खात्यात पैसे अडण्याची शक्यता. त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा, रिमोट ॲप काढून टाका आणि पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. परतावा देतो म्हणून कोणी यूपीआय पिन टाकायला सांगितला, तर ती दुसरी फसवणूक आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही.

दारात येऊन फसवणाऱ्याविरुद्ध वेगळा रस्ता. दुरुस्तीचं बिल न देणं हीच २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल: हेडचं बिल द्या, कोड द्या, जुना भाग परत द्या. उत्तर नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सोबत दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा असे तारीख घातलेले दोन्ही नोझल चेक जोडा, तुटलेल्या सारख्या रेघांभोवती पेनाने गोल करून.

आणि प्रिंटर नीट चालू असेल तर एक काम आजच करा: तो भिंतीवरच्या बटणाने बंद करणं थांबवा. आधी प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबायचं, दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग भिंतीवरचं. तेवढ्या वेळात हेड उजवीकडे जाऊन रबरी टोपीवर बसतं. थेट वीज तोडली तर ते उघडं राहतं आणि उन्हाळ्यात लवकर सुकतं. आठवड्यातून एखादं चारही रंगांचं पान छापा. सुट्टीवर जाणार असाल, तर शेजाऱ्यांना तेवढं सांगून जा.