ओटीपी कुणालाच सांगितला नाही, तरी मामांचं खातं रिकामं झालं

मामांनी ओटीपी कुणालाही सांगितला नव्हता. हे आधीच लिहून टाकतो, कारण हा प्रकार ज्याला सांगावा तो पहिला प्रश्न तोच विचारतो. बँकेतल्या साहेबांनी विचारला, पोलीस ठाण्यात विचारला, आमच्याच घरातल्या शहाण्यांनीही विचारला. "ओटीपी दिल्याशिवाय पैसे जातीलच कसे?" जातात. कसे, ते सांगतो.

मामा तासगाव भागातले द्राक्षबागायतदार. साठी उलटलीय, पण फोनच्या बाबतीत अडाणी नाहीत. औषधांच्या दुकानाची उधारी, मजुरांची उचल, सगळं फोनवरूनच चालतं. मध्यंतरी कुणालाही फोन लावला की आधी सायबर चोरांपासून सावध करणारी धून वाजायची, ती त्यांना तोंडपाठ झाली होती. एकदा 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्याला त्यांनी अशा काही शिव्या घातल्या की त्यानेच फोन ठेवला.

एप्रिलातली खरड छाटणी चालू होती. बेदाण्याच्या सौद्याचे पैसे अडत्याने नुकतेच खात्यावर टाकले होते, ते मजुरीला आणि खताला जायचे होते. अशात एका संध्याकाळी गावातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सोसायटीच्या सचिवांच्या नंबरवरून एक फाइल आली. नाव 'पीएम किसान ई-केवायसी', शेपटीला 'डॉट एपीके', म्हणजे दाबली की फोनमध्ये थेट अ‍ॅप बसवणारी फाइल. खाली मजकूर: आज रात्री बारापर्यंत केवायसी न केल्यास पुढचा हप्ता बंद होईल.

यात खटकण्यासारखं काही नव्हतं, हीच मेख आहे. पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत येतात. ई-केवायसी खरोखरच सक्तीची आहे, आणि ती राहिली म्हणून कुणाचा ना कुणाचा हप्ता अडकलेला प्रत्येक गावात सापडतो. वर राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही पीएम किसानच्याच लाभार्थ्यांना मिळतात, म्हणजे एक अडकलं की दोन्ही गेलं. आणि फाइल पाठवणारा कोण, तर ज्यांच्याकडे पीककर्जाचे कागद द्यायचे ते सचिव. मामा अनोळखी माणसाला भुलले नाहीत, ओळखीच्या नंबरला भुलले. सचिवांचाच फोन आधी चोरांच्या ताब्यात गेला होता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

मामांनी फाइल दाबली. हे अ‍ॅप धोक्याचं असू शकतं, असा इशारा फोनने दिला. पण मेसेजमध्ये त्याचीही सोय होती: 'इशारा आल्यास घाबरू नये, प्ले प्रोटेक्ट बंद करून पुढे जावे.' प्ले प्रोटेक्ट म्हणजे अ‍ॅण्ड्रॉइड फोनमधला राखणदार. राखणदाराला आधी बाहेर काढा असं जे अ‍ॅप स्वतः सांगतं, ते चोराचंच असणार हे आता बोलायला सोपं आहे; रात्री बाराची मुदत डोक्यावर असताना ते सुचत नाही.

पुढे अ‍ॅपने परवानग्या मागितल्या. एसएमएस वाचू द्या, पाठवू द्या. संपर्कयादी द्या. आणि 'हे तुमचं मुख्य मेसेज अ‍ॅप करायचं का?' मामांनी सगळीकडे 'होय' केलं. मग तिरंगा, अशोकस्तंभ, योजनेचं नाव असं हुबेहूब पान उघडलं. नाव, मोबाइल, आधार क्रमांक भरून झाल्यावर शेवटी 'पडताळणी शुल्क १ रुपया' आणि त्यासाठी डेबिट कार्डाचा नंबर, मुदत, मागचे तीन आकडे. एका रुपयासाठी कोण विचार करतो? ते भरल्यावर चक्र फिरत राहिलं, 'आपली पडताळणी २४ तासांत पूर्ण होईल' असा निरोप आला आणि अ‍ॅपचं चित्रच पडद्यावरून गायब झालं. झालं बहुतेक, असं म्हणून मामा जेवायला बसले.

पैसे मध्यरात्रीच्या आगेमागे गेले. दोन व्यवहार बाराच्या आधी, एक बारानंतर. कार्डाला दिवसाची मर्यादा असते आणि बारा वाजले की नवा दिवस धरला जातो, हे चोराला आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. एकूण नव्वद हजारांच्या आसपास रक्कम गिफ्ट व्हाउचर आणि एका मोबाइल वॉलेटमध्ये (फोनवरच्या पैशांच्या पाकिटात) गेली.

आता ओटीपीचं कोडं. कार्डाचे आकडे चोराकडे होतेच. त्याने खरेदी केली, बँकेने नियमाप्रमाणे ओटीपी मामांच्या नंबरवर पाठवला, आणि मामांच्या फोनमध्ये बसलेल्या अ‍ॅपने तो वाचून क्षणात पुढे धाडला. मामा तेव्हा झोपलेले. शिवाय अ‍ॅण्ड्रॉइडमध्ये जे अ‍ॅप मुख्य मेसेज अ‍ॅप असतं त्याला एसएमएस पुसताही येतात. म्हणून 'आपल्या खात्यातून इतके रुपये वजा झाले' हे मेसेज मामांच्या नजरेला पडलेच नाहीत. फोन उघडून बघितला असता तरी सगळं शांतच दिसलं असतं.

म्हणूनच 'ओटीपी कुणाला सांगू नका' या पाठावर माझा राग आहे. पाठ खोटा नाही, पण अर्धा आहे. तो शिकलेल्या माणसाला वाटतं, आपण तोंड बंद ठेवलं की झालं. इथे तोंड उघडायची गरजच पडली नाही. एसएमएस वाचायची परवानगी एकदा दिली की पुढचा प्रत्येक ओटीपी आपण दिल्यासारखाच आहे. हप्त्याच्या अ‍ॅपला, वाहतूक दंडाच्या चलनाच्या अ‍ॅपला, लग्नपत्रिकेला तुमचे मेसेज वाचायचं काय कारण? २०२५ च्या ऑगस्टमध्ये हिंगोलीतल्या एका सरकारी कर्मचाऱ्याचे जवळपास १ लाख ९० हजार रुपये लग्नाच्या निमंत्रणाच्या नावाने आलेल्या अशाच एपीके फाइलने गेल्याच्या बातम्या होत्या. लग्नपत्रिका फोटो असते, फार तर पीडीएफ. ती कधी इन्स्टॉल करावी लागत नाही.

सकाळी खताच्या दुकानात पैसे देताना 'शिल्लक अपुरी' आलं, तेव्हा मामांना कळलं. ते तडक बँकेच्या शाखेत गेले. बँक उघडेपर्यंत पायरीवर बसले, मग आत रांग, मग 'साहेब मीटिंगमध्ये आहेत'. मला पुण्यात फोन आला तेव्हा सकाळ सरत आली होती.

"आरं, म्या कुणाला काय बी सांगितलं न्हाई. फोन तर माझ्या उशालाच हुता," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते.

पैसे गेल्याचं दिसताक्षणी आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, बँकेत नंतर जा. तिथे तक्रार नोंदली की ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये पैसे गेलेत तिकडे ती लगेच पोचते आणि रक्कम अजून तिथेच पडून असेल तर ती अडवता येते. पुढे काढून घेतली की संपलं. म्हणून यात तासांना किंमत आहे. आम्ही मामांना लाइनवर घेऊन फोन लावला. खातं कोणत्या बँकेत, व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम हे विचारतात, तेव्हा पासबुक किंवा बँकेचं स्टेटमेंट समोर ठेवा. नंतर मेसेजवर तक्रार क्रमांक येतो आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर बाकीची माहिती भरायची असते. मेसेज दुसऱ्याच्या डोळ्यादेखत येणाऱ्या फोनवर हे करायचं नाही, म्हणून मामांचं सिम काढून मामींच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. कार्ड बंद केलं, नेट बँकिंगचा पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलला.

शाखेतल्या साहेबांनी त्यांना वेळेत १९३० चं नाव तरी सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं. त्यांचं एकच पालुपद, "काका, ओटीपी टाकल्याशिवाय व्यवहार होतच नाही, म्हणजे तुम्हीच दिला असणार."

तोवर मामांच्या व्हॉट्सअ‍ॅपवरून तीच फाइल सगळीकडे गेली होती. पाहुण्यांचा ग्रुप, भजनी मंडळ, द्राक्षवाल्यांचा ग्रुप. इस्लामपूरच्या मामेबहिणीने फाइल उघडलीसुद्धा होती, नशिबाने परवानग्यांच्या पानावर तिला शंका आली. पैसे गेल्याचं दुःख मामांनी गिळलं, पण 'दादांनी पाठवलं म्हणून आम्ही उघडलं' असे फोन यायला लागले तेव्हा ते दोन दिवस बागेतून घरीच आले नाहीत म्हणा ना. आणि ज्यांच्यापासून हे सुरू झालं त्या सचिवांचे पैसे गेलेच नव्हते, कारण त्यांनी कार्डाचे आकडे भरले नव्हते. त्यामुळे फोन साफ करायची त्यांना घाईच नव्हती. माझे पैसे शाबूत आहेत म्हणजे माझा फोन शाबूत आहे, असं नसतं हे त्यांना पटवायला आमच्या मामांना त्यांच्या घरी जाऊन बसावं लागलं.

फोन साफ करताना एक शहाणपण केलं ते म्हणजे लगेच सगळं पुसलं नाही. आधी त्या मेसेजचे, फाइलच्या नावाचे, अ‍ॅपच्या परवानग्यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवले; पोलिसांना ते लागतात. चित्र गायब झालं तरी सेटिंग्जमधल्या अ‍ॅपच्या यादीत ते असतंच. तिथे 'अनइन्स्टॉल' दबत नव्हतं, कारण त्याने फोनवर ताबा देणारा डिव्हाइस अ‍ॅडमिनचा हक्क घेऊन ठेवला होता. तो आधी काढला, मग अ‍ॅप गेलं. तरीही शेवटी फोन फॅक्टरी रीसेट केला, म्हणजे सगळं पुसून नव्यासारखा केला. त्याआधी फक्त फोटो आणि नंबर बाजूला काढले, अ‍ॅपचा बॅकअप नाही.

नंतर मामांचा फोन मी माझ्या हाताने लावून दिला. सेटिंग्जमध्ये 'अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करा' असं शोधलं की व्हॉट्सअ‍ॅप, क्रोम, फाइल्स अशी यादी येते. कोणाला बाहेरचं अ‍ॅप बसवू द्यायचं ते तिथे ठरतं. सगळी बटणं बंद. प्ले प्रोटेक्ट चालू. एसएमएसची आणि अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी कुणाकुणाकडे आहे ते पाहिलं. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही तर एसएमएसहून भारी: ज्याच्याकडे ती आहे त्याला तुमचा पडदा वाचता येतो, तुमच्या वतीने बटणंही दाबता येतात. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये जोडलेली उपकरणं तपासली आणि दुहेरी पडताळणीचा पिन घातला.

आधार क्रमांकही चोरांकडे गेला होता, म्हणून आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, म्हणजे अंगठ्यावर पैसे काढायचा रस्ता बंद. याची एक अडचण आहे: पुढे सेतू केंद्रात अंगठा लावून केवायसी करायची तर आधी ते तात्पुरतं उघडावं लागतं. मामा कुरकुरले, पण तयार झाले.

सर्वांत कामाची गोष्ट मात्र फोनमधली नाही. बेदाण्याचे पैसे येतात ते खातं आता वेगळं आहे, त्याला कार्डही नाही आणि यूपीआयही नाही. रोजच्या वापराच्या खात्यात गरजेपुरतेच पैसे. आणि डेबिट कार्डावर ऑनलाइन खरेदीचं बटण बंद. हे बटण आणि मर्यादा ठरवायची सोय रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने २०२० पासून सगळ्या बँकांना द्यावी लागली आहे, पण शाखेत आपण होऊन कोणी सांगत नाही.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांनी मामांना एक फोन आला. 'सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली आहे, फाइल पुढे सरकवायला थोडी फी भरावी लागेल.' चोरांच्याच गावातला माणूस. एकदा फसलेल्याचा नंबर विकला जातो आणि घायकुतीला आलेला माणूस दुसऱ्यांदा सहज फसतो. पोलीस किंवा १९३० वाले पैसे परत मिळवून देण्यासाठी फी मागत नाहीत. या वेळीही मामांच्या शिव्या योग्य माणसाला गेल्या.

वॉलेटमध्ये गेलेल्या रकमेतला काही भाग अडवला गेला. तो आपोआप खात्यात येत नाही. आमच्या बाबतीत पोलिसांमार्फत न्यायालयात अर्ज करावा लागला. व्हाउचरचे पैसे गेलेच. बँकेशी वाद चालू आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तिसऱ्याच ठिकाणी आहे, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य. ग्राहकाचा निष्काळजीपणा असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. जबाबदारी कुणाची हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे. बँक म्हणते निष्काळजीपणा; आमचं म्हणणं, मग तो तुम्ही सिद्ध करा, आणि शेतकऱ्याच्या कार्डावर कधी नव्हे ते मध्यरात्री लागोपाठ व्हाउचर खरेदी होताना तुमची यंत्रणा काय करत होती तेही सांगा.

तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आलं नाही म्हणून बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार दिली आहे. तिला फी नाही, वकील लागत नाही. लागतात ते कागद: १९३० चा तक्रार क्रमांक, व्यवहारांचं स्टेटमेंट, आणि बँकेला दिलेल्या अर्जाची पोच. त्या पोचेवर शिक्का, तारीख आणि वेळ तिन्ही असू द्या. मामांच्या पहिल्या अर्जावर साहेबांनी नुसती सही करून दिली होती. दुसरा अर्ज देऊन वेळ लिहून घेईपर्यंत आम्ही काउंटरवरून हललो नाही.